पन्नास बिंदूंत हरवलेल्या भरत्या

मुंबई-गोवा महामार्गावर वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो आणि तो धरमतरच्या खाडीकडे जातो. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा कच्चा माल बार्जमधून याच खाडीने येतो. आसपासच्या खारजमिनींना बांधांचा आधार, आणि उधाणाच्या पाण्याने बांधाला खांड पडली की शेती खारवते. इथल्या भरतीचं गणित ढोबळमानाने दोन लाटांच्या बेरजेत मांडता येतं. चंद्राची लाट १२.४२ तासांची, सूर्याची १२ तासांची. दोन्ही जुळल्या की उधाण, एकमेकींना छेद देऊ लागल्या की भांग. म्हणजे दोन कोसाइनांचं साधं फल. त्याचा पंधरा दिवसांचा आलेख संगणकाकडून काढून घ्यायचा, तर आज्ञा कशी लिहायची?

इथे गणिती सॉफ्टवेअरची दोन घराणी होतात.

पहिलं घराणं मॅटलॅबचं. सायलॅब आणि पायथनमधलं मॅटप्लॉटलिब त्याच वळणाचे. यांच्या ‘प्लॉट’ आज्ञेला मुळात आकड्यांच्या दोन रांगा लागतात: आधी बिंदू पाडा, मग प्रत्येक बिंदूवरची किंमत काढा, मग ते बिंदू जोडून घ्या. मॅटप्लॉटलिब २००३ साली जॉन हंटर यांनी सुरू केलं. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पाहणं हे त्यांचं काम होतं. मोजलेली नोंद दाखवायला ही रचना चोख आहे, कारण नोंद मुळातच तुटक बिंदूंची असते. फलाचं तसं नसतं. तिथे बिंदू किती घ्यायचे याचा निर्णय विद्यार्थ्यावर पडतो, आणि बहुतेकदा तो निर्णय आहे हेच त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

भरतीचंच घ्या. पंधरा दिवसांचे ३६० तास. पायथनमधल्या नमपाय या आकडेमोडीच्या संचाची ‘लिनस्पेस’ ही आज्ञा बिंदूंची संख्या न सांगता वापरली, तर ती ५० बिंदू पाडते, म्हणजे सव्वासात तासांहून थोड्या जास्त अंतराने एक. एका भरतीच्या वाट्याला दोन बिंदूही येत नाहीत. खाडीत या काळात २९ भरत्या येतात. पडद्यावर शिखरं दिसतात सुमारे २०, आणि भरती जणू अठरा तासांनी येते. उधाण आणि भांग मात्र आपापल्या दिवशी बरोबर उमटतात. म्हणूनच हे चित्र धोक्याचं. ते कुठेही मोडलेलं दिसत नाही, कसलीही सूचना येत नाही, आणि खाडीकाठचा कुणीही ज्याला पाहताक्षणी चूक म्हणेल ते प्रयोगवहीत चिकटवलं जातं. मॅटलॅब आणि सायलॅबमधली ‘लिनस्पेस’ न सांगता १०० बिंदू घेते. तिथे भरत्यांची मोजणी जमते, पण शिखरांची टोकं कापली जातात.

टिंबाचा जाचही याच घराण्यातला, पायथन वगळता. रांगेतल्या प्रत्येक आकड्याचा वर्ग करायचा तर घाताच्या चिन्हाआधी टिंब द्यावं लागतं. विसरलं की यंत्र मॅट्रिक्सचा गुणाकार करू पाहतं. सायलॅबच्या जुन्या आवृत्त्यांत एकाला लागून टिंब आणि भागाकाराचं चिन्ह लिहिलं, तर ते टिंब दशांशचिन्ह धरलं जाई आणि भलताच भागाकार होई. चिन्हांची अशी गल्लत ही रचनेची चूक आहे, तिचा दोष नवशिक्याच्या माथी मारणं अन्यायाचं.

दुसरं घराणं फलालाच मान देतं. १९८६चं ग्नूप्लॉट, मॅक्सिमा, मेपल, १९८८चं मॅथेमॅटिका. मॅक्सिमात सूत्र जसंच्या तसं लिहायचं आणि चौकटी कंसात चल, सुरुवात, शेवट द्यायचे. वक्र जिथे झपाट्याने वळतो तिथे ते स्वतःच बिंदू दाट करतं. पुणे विद्यापीठाच्या बी.एस्सी. गणिताच्या प्रात्यक्षिकांत मॅक्सिमा आणि पायथन दोन्ही आले, हे चांगलं झालं. अर्थात बिंदू दाट करण्याआधी सुरुवातीचे काही बिंदू लागतातच. मॅक्सिमा न सांगता २९ घेतं, आणि फार वेगाने हेलकावणारं फल त्यालाही चकवू शकतं. सोय झाली म्हणून आकडा लपवू नये.

दोन्ही घराण्यांना जोडणारा एक प्रयत्न पवईशी नातं सांगतो. आयआयटी मुंबईच्या एरोस्पेस विभागातले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन हे ‘मयावी’ या त्रिमितीय चित्रण प्रणालीचे मूळ कर्ते. तिच्या ‘एमलॅब’ भागातली ‘सर्फ’ ही आज्ञा पृष्ठभागाच्या उंचींचा तक्ता घेते, आणि तक्त्याऐवजी थेट फल दिलं तरी चालतं. ही उदारता मोलाची आहे. जाळीसाठी मात्र सहसा नमपायची ‘एमग्रिड’ वापरतात, आणि तिथे आरंभ व शेवट यांच्यानंतर तिसऱ्या जागी साधी संख्या लिहिली तर ती पायरीचं अंतर ठरते व शेवटचा बिंदू सुटतो. तीच ‘जे’ हे अक्षर जोडून काल्पनिक संख्या केली, तर ती बिंदूंची मोजणी ठरते व शेवटचा बिंदू धरला जातो. ज्या विद्यार्थ्याने काल्पनिक संख्या नुकत्याच शिकल्या, त्याला ही युक्ती कशी पटावी?

आयआयटी मुंबईतल्याच फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाने सायलॅब आणि पायथन देशभरच्या महाविद्यालयांत पोचवले. स्पोकन ट्युटोरियलचे पाठ मराठीसह अनेक भारतीय भाषांत आले. शिकवण्याची भाषा आपली झाली. शिकवण्याचा क्रमही आता बदलायला हवा. पायथनमध्येच सिमपाय या बीजगणिती संचाची ‘प्लॉट’ आज्ञा सूत्र आणि कंसातली चल-आरंभ-शेवट ही तिकडी घेते. पहिल्या तासाला ती द्यावी. मग त्याच भरतीचं फल ५०, १०० आणि १००० बिंदूंनी काढायला सांगावं, आणि प्रत्येक चित्रातल्या भरत्या मोजून घ्याव्यात.