अलर्ट लॉग गप्प आहे, म्हणजे सगळं ठीक आहे?

माझ्या पीएचडीचा विषय एका वाक्यात सांगतो. डेटाबेस बिघडण्याआधी त्याच्या लॉगमधून सुगावा लागतो का? त्यासाठी पहिलं वर्ष मी ओरॅकलचा अलर्ट लॉग वाचण्यात घालवलं. आज त्याच्यावर थोडी टीका करायची आहे, आणि थोडी स्वतःवरही.

आमच्याकडे आलेल्या एका लॉगमधली एक रात्र माझ्या मॉडेलने ‘निरोगी’ ठरवली. प्रत्यक्षात त्या रात्री बाहेरच्या सर्व्हरवरून चालणारं बॅचचं काम सतत फसत होतं. मजकूर कॉलममध्ये मावत नव्हता, म्हणजे ओआरए-१२८९९. अलर्ट लॉगमध्ये मात्र लॉग स्विचच्या नेहमीच्या ओळींपलीकडे काहीच नाही!

असं का? नीट बघितलं तर दोन नियम दिसतात. पहिला: डेटाबेसच्या स्वतःच्या प्रकृतीशी संबंध असेल, तर नोंद होते. अंतर्गत बिघाड (ओआरए-००६००), खराब झालेला ब्लॉक (ओआरए-०१५७८), डेडलॉक (ओआरए-०००६०), टेम्पमध्ये जागा न उरणं (ओआरए-०१६५२), ‘स्नॅपशॉट टू ओल्ड’ (ओआरए-०१५५५). दुसरा: चूक ऐकायला समोर कुणी क्लायंट असेल, तर ती त्याच्या हातात देऊन डेटाबेस मोकळा होतो. युनिक कन्स्ट्रेंट मोडला (ओआरए-००००१) किंवा पासवर्ड चुकला (ओआरए-०१०१७), तर अलर्ट लॉगला पत्ताही नसतो.

गंमत बघा. तेच फसणारं काम डेटाबेसच्या आतल्या शेड्युलरने चालवलं असतं, तर ऐकायला कुणी नाही म्हणून ओआरए-१२०१२ सोबत मूळ चूकही लॉगमध्ये आली असती. चूक तीच, पण नोंद होणार की नाही हे ठरतं ती कुणासमोर घडली यावर.

ही निवड मूर्खपणाची नाही. पोस्टग्रेएसक्यूएल डीफॉल्ट सेटिंगमध्ये वापरणाऱ्याची प्रत्येक एसक्यूएल चूक सर्व्हर लॉगमध्ये लिहितो. तिथे टायपिंगच्या चुकांच्या ढिगाऱ्यातून खरा बिघाड शोधावा लागतो. माझी तक्रार वेगळी आहे. ओरॅकलच्या मॅन्युअलमध्ये अंतर्गत चुका, ब्लॉक खराब होणं आणि डेडलॉक यांचा स्पष्ट उल्लेख आहे, पण ०१५५५ किंवा १२०१२ तिथल्या त्या यादीत नाहीत. ते अनुभवानेच कळतं. शिवाय नियम आवृत्तीगणिक बदलतात. १२.२ पासून एखादी क्वेरी वारंवार पार्सच होत नसेल, तर त्याचा इशारा अलर्ट लॉगमध्ये येऊ लागला. म्हणजे जुन्या आणि नव्या सर्व्हरचे लॉग शेजारी ठेवले, तर नवा सर्व्हर उगाच जास्त आजारी वाटेल.

उपाय आहे, पण अर्धाच. ‘आफ्टर सर्व्हरएरर’ ट्रिगर लावून चुका स्वतःच्या टेबलमध्ये साठवता येतात. तोही ओआरए-०१४०३ आणि ओआरए-०४०३० यांसारख्या काही चुकांवर चालत नाही. त्यामुळे दोन्ही नोंदी सोबत वाचाव्या लागतात.

मी आता माझ्या डेटातलं ‘निरोगी’ हे लेबल काढून ‘नोंद नाही’ असं केलंय. मॉडेलची अचूकता कागदावर घसरली, गाईडची नाराजीही झेलली. पण तुम्ही अलर्ट लॉगवर आधारलेला एखादा शोधनिबंध वाचाल, तेव्हा एवढंच विचारा: शांत दिवस यांनी कसा ओळखला?