आपत्ती आणि ईश्वरी हेतू : तुकोबांच्या तीन अभंगांचे पुनर्वाचन

प्रस्तावना

आपत्तीमागे ईश्वराचा काही चिरंतन हेतू असतो, ही श्रद्धा माणसाला धीर देते. परंतु तिच्या आधारे इतरांच्या मृत्यूचेही समर्थन होऊ शकते. १६३०-३२ च्या दख्खनच्या दुष्काळात होरपळलेल्या संत तुकारामांच्या तीन अभंगांतून या श्रद्धेच्या मर्यादा आणि सामर्थ्य दोन्ही स्पष्ट होतात.

विवेचन

पहिला अभंग आत्मचरित्रपर आहे. बोलू नये, पण संतांनी विचारले म्हणून सांगतो, अशा संकोचाने तुकोबा आपली हकीकत मांडतात. दुष्काळाने द्रव्य आणि मान नेला. दोन पत्नींपैकी एक अन्नासाठी आक्रोश करीत मेली. जिवाला लाज वाटली. या घटनांमागचा ईश्वरी हेतू मात्र ते येथे सांगत नाहीत. भंगलेले देऊळ दुरुस्त करावे असे चित्तात आले, एवढेच नोंदवतात. आशा येथे उत्तर होऊन येत नाही, ती काम होऊन येते.

दुसऱ्या अभंगात दिवाळे, दुष्काळ, अपमान, गुराढोरांचा नाश हे सारे 'बरे झाले' म्हणून स्वीकारले आहे; कारण त्यातूनच अनुताप आणि देवाचे चिंतन घडले. दैवी योजनेचा दाखला म्हणून हा अभंग सहज पुढे करता येतो. मात्र या यादीत पत्नीचा भूकबळी नाही. उलट, देऊळ उभारताना बायकामुलांची उपेक्षा झाल्याची कबुली आहे.

तिसरा अभंग या वाचनाला आव्हान देतो. त्यात पत्नी, मूल आणि आई यांच्या मृत्यूतही सुटका पाहिली आहे. ही भाषा कठोर आहे आणि तिचे सौम्यीकरण करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. अभंगांचा रचनाक्रम निश्चित नसल्याने तिला आध्यात्मिक प्रगतीची अखेरची पायरी मानणेही योग्य ठरत नाही.

येथे संबोधनाचा भेद निर्णायक ठरतो. पहिला अभंग संतांना, म्हणजे माणसांना, उद्देशून आहे. तेथे लाज आणि दुःख आहे. उरलेले दोन्ही देवाशी केलेले बोलणे आहे. 'बरे झाले' हा उद्गार केवळ तेथेच येतो.

निष्कर्ष

तुकोबांच्या या अभंगांत ईश्वरी हेतूचा प्रत्यय मागे वळून पाहताना येतो, आणि तो स्वतःच्या आयुष्यापुरता, देवासमोर उच्चारलेला असतो. शोकग्रस्त माणसाला ऐकवायचा तो सिद्धान्त नव्हे. २०२० च्या महामारीसारख्या प्रसंगी संतवाणीचा आधार घेताना हा भेद विसरला, तर सांत्वनाचा उपदेश होतो. म्हणूनच 'बरे झाले' म्हणणारे अभंग शिकवताना अन्नासाठी झालेला तो आक्रोशही शेजारी ठेवून वाचला पाहिजे.