गोदावरीच्या गाळातील सेंद्रिय द्रव्य : तीन अभ्यासांची चिकित्सा

प्रस्तावना

नदी समुद्राला केवळ माती देत नाही. मातीच्या कणांना चिकटलेले पानांचे, मुळांचे व ह्यूमसचे अवशेषही देते. गोदावरी दरवर्षी सुमारे 17 कोटी टन गाळ आणि त्यासोबत 15 लाख टन भूजन्य सेंद्रिय कार्बन वाहून नेते, असा अंदाज मांडला गेला आहे. हे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. परंतु दख्खनच्या प्राचीन पर्जन्याचा व शेतीचा इतिहास आज याच अल्पांशावरून लिहिला जात आहे. या विषयावरील 2012, 2017 व 2018 या वर्षांतील तीन निबंधांची येथे चिकित्सा केली आहे. त्यांचा आधार म्हणजे गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशासमोरील खंडान्त उतारावरून काढलेला गाळाचा गाभा होय.

विवेचन

पॉन्टन व सहकाऱ्यांनी 2012 मध्ये पानांवरील मेणातील कार्बनचे समस्थानिक तपासले. सुमारे 4000 वर्षांपूर्वीपासून मध्य भारत टप्प्याटप्प्याने शुष्क होत गेला आणि शुष्कता सहन करणाऱ्या सी-4 वनस्पती वाढल्या, हा त्यांचा निष्कर्ष. सागरी सूक्ष्मजीवांच्या कवचांतील ऑक्सिजनची जोड दिल्यामुळे तो निराधार म्हणता येत नाही. तथापि ज्वारी व बाजरी ही पिकेही सी-4 गटातीलच आहेत. माळावरचे गवत आणि शेतातील ज्वारी यांत या समस्थानिकांना भेद करता येत नाही. त्यामुळे शेतीचा विस्तार झाल्यानंतरच्या थरांत शुष्कता किती आणि नांगर किती, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

जोसान व सहकाऱ्यांच्या 2017 च्या निबंधाने मानवाला या इतिहासात स्थान दिले, ही त्याची मोठी जमेची बाजू. पाऊस घटला की वनस्पतींचे आच्छादन विरळ होते आणि मोसमी सरींपुढे माती उघडी पडते; म्हणजे शुष्कतेने धूप घटत नाही, वाढते. पुढे दख्खनवरील शेतीने ती अधिकच वाढविली. याच काळात समुद्रात पोहोचणारा सेंद्रिय कार्बन उत्तरोत्तर अधिक जुना होत गेल्याचे त्यांनी दाखविले.

येथेच खरी अडचण उद्भवते. थराचे वय सागरी कवचांवरून ठरते. मेण मात्र शतकानुशतके जमिनीत पडून राहिलेल्या मातीतून आलेले असू शकते. तसे असल्यास थर एका काळाचा आणि त्यातील वनस्पतींची साक्ष त्याआधीच्या काळाची ठरते. दुसऱ्या निबंधाचा निष्कर्ष स्वीकारला, तर पहिल्या निबंधातील उत्तरकालीन कालक्रम पुन्हा तपासणे क्रमप्राप्त आहे.

उस्मान व सहकाऱ्यांच्या 2018 च्या निबंधाने नदीखोऱ्यातच जाऊन नमुने घेतले. वरच्या खोऱ्यातील गाळात सेंद्रिय कार्बन अधिक आढळला. सेंद्रिय द्रव्य टिकून राहण्यात गाळातील खनिजांचा वाटा मोठा असल्याचेही त्यातून दिसते. खोल जमिनी व ढासळणारे नदीकाठ हे जुन्या कार्बनचे संभाव्य स्रोत आहेत, या निरीक्षणाने वरील शंकेला पुष्टी मिळते. मात्र धवळेश्वरमपासून जायकवाडीपर्यंतच्या बांधांनी आणि धरणांनी प्रवाह बदलल्यामुळे आजच्या नदीला प्राचीन नदीचे प्रमाण मानता येत नाही. धरणांमुळे येणारी ही गुंतागुंत निबंधकारांनी स्वतःच नोंदविली आहे.

निष्कर्ष

हा वाद केवळ प्रयोगशाळेपुरता नाही. मराठवाड्याची काळी माती पावसाने नेली की शेतीने, याचे घाईचे उत्तर कास्तकाराला दोषी तरी ठरविते किंवा जमिनीच्या वापराला पूर्णतः निर्दोष तरी सोडते. उपलब्ध पुरावा या दोन्ही टोकांना आधार देत नाही. मेणाचे स्वतंत्र किरणोत्सारी कालमापन, धरणपूर्व पूरमैदानांतील थर आणि प्रवरेकाठच्या दायमाबादसारख्या स्थळांवरील धान्यावशेष यांची एकत्र मांडणी व्हावयास हवी. तोपर्यंत समुद्रतळीचा हा गाळ वर्षवार लिहिलेली बखर न मानता, अनेक शतकांची पाने एकत्र शिवलेले बाड मानणेच अधिक शास्त्रीय ठरेल.