एका अर्थतज्ज्ञाचा असंतोष

‘जागतिकीकरण’ हा शब्द आपल्या धर्मग्रामांतील व्याख्यानांतून आणि परिसंवादांतून गेली तीस वर्षे इतक्या सढळपणे वापरला गेला आहे, की त्याचा अर्थ सांगण्याची गरज आता वक्त्यास वाटत नाही आणि विचारण्याची गरज श्रोत्यांस वाटत नाही. कोणी त्यास सर्व सुबत्तेचे मूळ मानतो, कोणी सर्व अनर्थांचे. म्हणूनच जोसेफ स्टिग्लिट्झ यांचा ‘ग्लोबलायझेशन अँड इट्स डिसकंटेंट्स’ हा २००२ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ पुन्हा एकदा हाती घ्यावा असे आम्हांस वाटले.

लेखकाचा अधिकार वादातीत आहे. अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन यांच्या आर्थिक सल्लागार मंडळाचे ते अध्यक्ष होते. १९९७ ते २००० या काळात जागतिक बँकेचे प्रमुख अर्थतज्ज्ञ होते. आणि २००१ मध्ये अकरलॉफ व स्पेन्स यांच्यासमवेत त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. विकणाऱ्यास जे ठाऊक असते ते घेणाऱ्यास ठाऊक नसते, त्यामुळे बाजार आपोआप सर्वांचे भले करील अशी खात्री देता येत नाही, हा त्यांच्या संशोधनाचा गाभा. प्रस्तुत ग्रंथात हीच कसोटी त्यांनी आंतरराष्ट्रीय नाणेनिधीस लावली आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करावयास हवी. स्टिग्लिट्झ जागतिकीकरणाचे शत्रू नव्हेत. निर्यातीच्या बळावर पूर्व आशियातील देश दारिद्र्यातून वर आले, हे ते पुनःपुन्हा सांगतात. जमैकाने १९९२ साली दुधाची बाजारपेठ खुली केली, तेव्हा तेथील गवळ्यांचे नुकसान झाले असेल. परंतु गरिबांच्या मुलांना दूध स्वस्त मिळाले, हेही ते नमूद करतात. हा प्रामाणिकपणा आम्हांस मोलाचा वाटतो. आपल्याकडे या विषयावर लिहिणारे बहुधा एक तर गवळ्याचा पक्ष घेतात, नाही तर मुलाचा.

ग्रंथाचे खरे सामर्थ्य लहान उदाहरणांत आहे. मोरोक्कोतील खेड्यांत एका सेवाभावी संस्थेच्या साहाय्याने स्त्रिया कोंबड्या पाळू लागल्या होत्या. सात दिवसांची पिल्ले त्यांना सरकारी संस्थेकडून मिळत. पिल्ले वाटणे हे सरकारचे काम नव्हे, असे नाणेनिधीने बजावले आणि वाटप थांबले. खासगी विक्रेता पुढे आला. पण पहिल्या दोन आठवड्यांत पिल्ले मोठ्या संख्येने दगावतात आणि त्यांच्या जगण्याची हमी देण्यास तो तयार नव्हता. तो धोका पत्करण्याची ऐपत त्या गरीब स्त्रियांपाशी कोठून असणार? धंदा बसला. ज्यांच्या परसात कधी खुराडे होते, त्यांना यावर भाष्य नको. सरकारने हात काढून घेतला की बाजार तत्काळ ती जागा भरून काढतो, या गृहीतकाचा फोलपणा इतक्या थोडक्यात दाखविणारे दुसरे उदाहरण आमच्या वाचनात नाही.

इंडोनेशियाची कथा याहून भीषण आहे. जुलै १९९७ मध्ये थायलंडचे चलन कोसळले आणि पाहता पाहता अरिष्ट शेजारी देशांत पसरले. नोव्हेंबरात नाणेनिधीच्या सल्ल्याने इंडोनेशियातील सोळा बँका बंद करण्यात आल्या. घाबरलेल्या ठेवीदारांनी उरलेल्या खासगी बँकांतूनही पैसे काढले. पुढे अन्न व रॉकेल यांवरील अनुदाने कापली गेली. मे १९९८ मध्ये दंगली उसळल्या, चिनी वंशाच्या नागरिकांची घरे-दुकाने जळाली आणि सुहार्तोंना पायउतार व्हावे लागले. उलट, भांडवलाच्या ये-जा करण्यावर निर्बंध राखणारे चीन व भारत या वादळातून बरेचसे सुखरूप राहिले. कारखाना उभारणारे भांडवल आणि रातोरात पळून जाणारे भांडवल यांत लेखकाने केलेला भेद आम्हांस पूर्णतः मान्य आहे.

मात्र हेतूंविषयी बोलताना त्यांची लेखणी घसरते. नाणेनिधीच्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्यास पुढे बड्या बँकेत मिळालेली नोकरी हे निष्ठेचे बक्षीस असावे काय, असा प्रश्न ते पुराव्याविना टाकून मोकळे होतात. नाणेनिधीचे तत्कालीन संशोधनप्रमुख केनेथ रोगॉफ यांनी २००२ मध्येच जाहीर पत्र लिहून त्यांचा समाचार घेतला, तो या बाबतीत तरी योग्यच होता. रोगी अत्यवस्थ झाल्यावरच या वैद्यास पाचारण केले जाते, हेही लेखक पुरेसे ध्यानात घेत नाही.

आमचा मोठा आक्षेप निराळा आहे. या ग्रंथात माल हिंडतो, पैसा हिंडतो. माणूस मात्र फारसा हिंडताना दिसत नाही. वसईपासून गोव्यापर्यंतच्या आपल्या कुटुंबांत जागतिकीकरण आले ते आखाती देशांतील नोकरीच्या आणि बोटीवरच्या कराराच्या रूपाने, आणि तेही हा शब्द रूढ होण्यापूर्वी. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत गिळंकृत केला आणि एक लाखाहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणावे लागले. तेलाचे भाव भडकले, आखातातून येणारा पैसा आटला आणि आधीच खंगलेली आपली परकीय गंगाजळी तळाला गेली. जुलै १९९१ मध्ये रिझर्व्ह बँकेने सुमारे सत्तेचाळीस टन सोने मुंबईहून विमानाने परदेशी धाडून तारण ठेवले, नाणेनिधीचे कर्ज घेतले आणि त्याच महिन्यात नव्या आर्थिक धोरणाचा अर्थसंकल्प मांडला गेला. नाणेनिधीकडे गेलेला, पण इंडोनेशियासारखा न उद्ध्वस्त झालेला हा देश स्टिग्लिट्झ यांच्या सिद्धान्ताची उत्तम परीक्षा ठरला असता. त्यांनी ती घेतली नाही. भांडवलास सीमा ओलांडण्याचे स्वातंत्र्य मागणारे देश मजुरास मात्र व्हिसाच्या खिडकीपाशी का तिष्ठत ठेवतात, हा प्रश्न ज्या घरातील माणूस मस्कतला आहे त्या घरास कधीचा पडलेला आहे.

कर्जमुक्तीच्या विवेचनात ज्युबिली चळवळीचा गौरवाने उल्लेख येतो. इ. स. २००० च्या महोत्सवी वर्षाच्या निमित्ताने गरीब देशांच्या कर्जात भरीव सूट द्यावी, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९४ सालीच सुचविले होते. लोकांच्या दबावाने धोरण हलते, याचा हा दाखला आपल्या वाचकांस जवळचा वाटेल.

२०१७ मध्ये या ग्रंथाची नवी आवृत्ती निघाली. तीत असंतुष्टांच्या रांगेत अमेरिकेतील कामगारही येऊन उभा राहिला आहे. मूळ ग्रंथातील पुनरुक्ती मात्र तशीच आहे. ज्यांना सवड थोडी आहे त्यांनी तिसरे व चौथे प्रकरण अवश्य वाचावे. रशियावरील पाचवे प्रकरण जड जाईल, तरी सोडू नये. सहावे राहिले तर फारसे बिघडणार नाही.