एक खोटं फुकट, दुसऱ्याचे पैसे पडतील

विनोदी सिनेमा आणि राक्षसाचा सिनेमा हे दोन वेगळे प्रकार आहेत, हे मला हल्ली पटेनासं झालंय. गेल्या दोनेक महिन्यांत जे काही पाहिलं त्यात दोन्ही होतं. काही पहिल्यांदा, काही कितव्यांदा कोण जाणे, बहुतेक फोनवर, हेडफोन लावून. पाहताना लक्षात आलं की ज्या कारणासाठी मी एखाद्या विनोदी सिनेमावर वैतागतो, नेमक्या त्याच कारणासाठी राक्षसावरही वैतागतो.

दोन्हीकडे सिनेमा सुरुवातीला आपल्याला एक खोटी गोष्ट मान्य करायला लावतो. पुरुषानं साडी नेसली की तो कुणालाच ओळखू येत नाही. समुद्रातून इमारतीएवढा प्राणी बाहेर येतो. एवढं आपण विनातक्रार मान्य करतो. पण ते एकदाच. त्यानंतर सिनेमानं स्वतःच घातलेली अट पाळायची असते, आणि त्या अटीची किंमत कुणीतरी मोजायची असते. अट मोडली की हसूही येत नाही आणि भीतीही वाटत नाही.

(पुढे काही शेवट उघड केले आहेत. चालत नसेल तर आधी सिनेमे पाहून या.)

'अशी ही बनवाबनवी' (१९८८) पुन्हा पाहिला. हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) या हिंदी सिनेमावरून तो बेतला आहे हे अनेकांना माहीत असतं, पण त्या हिंदी नावात सिनेमाचा सगळा मामला आहे याकडे लक्ष जात नाही. बायको आणि घर. घर हवं तर बायको दाखवा. लीलाबाई काळभोरांना जोडपीच भाडेकरू म्हणून हवीत, ही अट. चार बाप्यांपैकी दोघांनी साडी नेसायची, हा तोडगा. हौस म्हणून कुणी साडी नेसत नाही, पुण्यात डोक्यावर छप्पर नाही म्हणून नेसतं. त्यामुळे दार वाजलं की आपण हसतो आणि त्याच क्षणी पोटात गोळाही येतो. पदर घसरला तर आज रात्री झोपायचं कुठे, हा प्रश्न प्रत्येक विनोदाच्या मागे उभा असतो.

हे मला आज जास्त लागतं, कारण मी पुण्यात भाड्याची खोली शोधली आहे. 'फक्त फॅमिलीसाठी' हे दोन शब्द ऐकून जिने उतरलो आहे. छत्तीस-सदतीस वर्षांनी अट तीच आहे, फक्त आता ती व्हॉट्सॲपवर येते. हा सिनेमा अजून ताजा वाटतो तो संवादांमुळे असं सगळे म्हणतात. मला तर तो भाडेकरारामुळे ताजा वाटतो.

माझी तक्रार शेवटाशी आहे. सगळं उघडकीला येतं आणि मग सगळ्यांना सगळं माफ होतं, तेही भराभर. त्या घरात लीलाबाईंनी या खोट्या सुनांवर खरा जीव लावलेला आहे. एका एकट्या म्हातारीची फसवणूक झाली आहे. त्या गोष्टीला सिनेमा दोन श्वास जास्त देता तर हसू कमी झालं नसतं. घर मिळालं पोरांना, किंमत मोजली बाईंनी, आणि पावती कुणीच फाडली नाही.

मग 'झपाटलेला' (१९९३). हा अमेरिकी 'चाइल्ड्स प्ले'वरून (१९८८) उचललाय हे खरं, आणि लहानपणी तात्या विंचूला घाबरून पलंगाखाली वाकून पाहिलेली पिढी मला यासाठी माफ करणार नाही, पण आज त्यात भीती फारशी उरलेली नाही. उरलाय तो विनोद, आणि तो अजून पक्का आहे, कारण अट पक्की आहे. गुंडाचा आत्मा बाहुल्यात अडकलाय आणि त्याला बाहेर पडायचं तर लक्ष्याच्याच शरीरात शिरायचंय. दुसरं कुणी चालणार नाही. आणि लक्ष्या बोलक्या बाहुल्यांचे खेळ करणारा! 'हे मी नाही, बाहुला बोलला' असं म्हणण्याचा हक्क ज्यानं व्यवसायामुळे आधीच गमावलाय, त्याच्याच मागे बाहुला लागतो. लक्ष्मीकांत बेर्डे घाबरतो तेव्हा आपण हसतो, कारण तो खरंच घाबरलेला असतो. शिवाय रामदास पाध्ये यांचा तो बाहुला समोर असतो. त्याला वजन आहे, त्याच्यावर उजेड पडतो, बेर्डेची नजर बरोबर त्याच्या डोळ्यांवर जाते.

ही नजरेची गोष्ट मला 'मुंज्या' (२०२४) पाहताना आठवत राहिली. आदित्य सरपोतदारचा हा सिनेमा कोकणात असतो तोवर मला फार आवडला. मुंज झाल्यावर लवकरच मेलेला मुलगा पिंपळावर राहतो आणि लग्नासाठी हटून बसतो, ही आपल्याकडची जुनी समजूत. तिच्यात हसू आणि भीती आधीपासूनच मिसळलेली आहेत. लग्न मागणारं पोरगं हास्यास्पद आहे. नाही ऐकून न घेणारं पोरगं भयानक आहे. कॉम्प्युटरवर घडवलेला मुंज्या चांगला जमलाय आणि तो फक्त बिट्टूला दिसतो, त्यामुळे चारचौघात बिट्टूची होणारी फजिती 'झपाटलेला'च्याच घराण्यातली आहे.

गाडी उत्तरार्धात घसरते. अडचण आली की नवा नियम येतो, आणि तो समजावून सांगायला एक माणूस ठेवलेलाच आहे. भूत कशानं थांबतं, कशानं नाही, हे पटकथेच्या सोयीनं ठरायला लागलं की मी घाबरणं सोडून घड्याळ बघतो. याहून मोठी खंत वेगळी आहे. मुन्नी गोट्याला मिळाली नव्हती. पिढ्यांनंतर तिच्याच घरातल्या बेलावर तो हक्क सांगतो. नकार न पचवणारा मुलगा हाच राक्षस आहे, हे सिनेमाच्या हातात होतं. पण बेलाला स्वतःचं म्हणणं असं फार थोडं मिळतं. ती वाचवायची वस्तू होऊन बसते.

हे दोन प्रकार एकच आहेत असं ज्याला पटत नसेल त्यानं बाँग जून-हो यांचा 'द होस्ट' (२००६) पाहावा. अमेरिकी लष्कराच्या तळावरून फॉर्मल्डिहाइड गटारात ओतलं जातं आणि काही वर्षांनी सोलच्या हान नदीतून प्राणी वर येतो. रसायन ओतण्याची घटना २००० साली खरोखर घडली होती, प्राणी तेवढा सिनेमाचा. आणि बाँग त्याला अंधारात लपवत नाहीत. भर दुपारी, पिकनिकला आलेल्या लोकांमध्ये, सिनेमा सुरू झाल्यावर थोड्याच वेळात तो अख्खा दिसतो. धावताना पाय घसरतो त्याचा!

नदीकाठी टपरी चालवणारा गांग-दू आपल्या मुलीचा हात धरून पळतो. थोड्या अंतरावर मागे वळून पाहतो तर हात दुसऱ्याच मुलीचा. हा शुद्ध विनोदी सिनेमातला प्रसंग आहे, माणसांच्या अदलाबदलीचा. 'बनवाबनवी'त शोभला असता. इथे त्या चुकीत मुलगी जाते. पुढे सामुदायिक शोकसभेत हे कुटुंब इतकं रडतं की एकमेकांना ओढत जमिनीवर लोळायला लागतं आणि फोटोग्राफर फोटो काढत राहतात. मी हसलो. दुःख कमी झालं नाही, उलट हसल्यामुळे ती माणसं जास्त जवळची झाली. शेवटी मुलगी वाचत नाही. तिनं जपलेलं एक अनाथ पोर वाचतं आणि गांग-दू त्याला जेवू घालतो. कुणाला काही परत मिळत नाही.

'गॉडझिला मायनस वन'शी (२०२३) माझं भांडण इथेच आहे, आणि ते आवडत्या सिनेमाशी असतं तसलं भांडण आहे. ताकाशी यामाझाकींचा हा सिनेमा दुसऱ्या महायुद्धानंतरच्या उद्ध्वस्त जपानमध्ये घडतो. शिकिशिमा हा आत्मघाती हल्ल्याला पाठवलेला वैमानिक. विमान बिघडल्याचं खोटं सांगून तो उतरला, म्हणून जगला. त्याला राक्षसापेक्षा आपण जिवंत आहोत याची जास्त भीती वाटते. सुमारे पस्तीस जणांच्या चमूनं दृश्यपरिणाम केले आणि त्याबद्दल २०२४मध्ये ऑस्कर मिळालं. पण मला भावला तो एक साधा नियम. गॉडझिला आग ओकण्याआधी त्याच्या पाठीवरचे काटे शेपटीकडून एकेक करून बाहेर येतात, मग एकदम आत बसतात. एकदा हे कळलं की पुढच्या वेळी पहिला काटा वर आला तरी घशाला कोरड पडते. विनोदी नट टाळी घेण्याआधी थांबतो ना, तसंच थांबणं आहे ते.

शेवटी शिकिशिमा विमानासकट राक्षसावर झेपावतो, पण विमानात बाहेर फेकणारी खुर्ची बसवलेली असते आणि तो वाचतो. हे मला पूर्ण पटलं. माणसांचे जीव स्वस्त समजणाऱ्या राज्यव्यवस्थेवरच सिनेमा चिडलेला आहे. १९५४च्या मूळ 'गोजिरा'त शास्त्रज्ञ सेरिझावा आपल्या अस्त्राचं गुपित घेऊन मरतो. इथे जगणं हेच उत्तर आहे, आणि त्याची तयारी सिनेमानं आधीपासून केलेली आहे. पण गिन्झामध्ये डोळ्यांदेखत उडून गेलेली नोरिको शेवटी इस्पितळात जिवंत सापडते, तेव्हा कुणीतरी खिशात पैसे परत कोंबल्यासारखं वाटलं. तिच्या मानेवर सरकणारा काळा डाग दाखवून यामाझाकी या सुखाला थोडं नासवतात खरं. तरी तिच्यासाठी मी थिएटरात जे रडलो होतो त्याचं काय करायचं?

शेवटी 'तुंबाड' (२०१८). २०२४मध्ये तो पुन्हा थिएटरांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त चालला, याचा आनंद आहे. राही अनिल बर्वेच्या या सिनेमाची अट मराठी घरातल्या कुणालाही कळेल इतकी साधी आहे. हस्तर भुकेला आहे. त्याच्यापुढे कणकेची बाहुली टाकायची, तो खाण्यात गुंतला की लंगोटातून मोहरा पळवायच्या, आणि आपण पिठाच्या रिंगणात राहायचं. बाप मुलाला हा धंदा शिकवतो. मग एक दिवस मुलाला वाटतं, बाहुल्या जास्त नेल्या तर? सगळा लंगोटच पळवता येईल.

इतका सोपा उपाय आजवर कसा सुचला नाही, असं वाटायला लावणारी ही कल्पना थेट विनोदी सिनेमातली आहे. धनंजय मानेलाही सुचली असती. बापलेक खूश होऊन खाली उतरतात. अट मात्र मोडत नाही, ती हिशेबानं चालते. जितक्या बाहुल्या, तितके हस्तर.