साहित्य, कृती, निरीक्षण : एका जुन्या पाकपुस्तकाचे परीक्षण

विज्ञानाची प्रयोगवही आणि पाककृतींचे पुस्तक शेजारी ठेवले, तर दोन मथळे दोन्हीकडे सारखेच दिसतात : ‘साहित्य’ आणि ‘कृती’. प्रयोगवहीत त्यांच्यापुढे ‘निरीक्षण’ आणि ‘अनुमान’ येतात. पाकपुस्तकात ते बहुधा येत नाहीत. पदार्थ चांगला झाला तर तो ताटात येतो. बिघडला तर ‘अजून हात बसला नाही’ असे म्हणून विषय संपतो. उरलेले दोन मथळे पाकपुस्तकात कितपत सापडतात हे पाहण्यासाठी आम्ही एक जुने, गाजलेले पुस्तक निवडले. मापनाच्या इतिहासात त्याला स्थान असल्यामुळे विज्ञानशिक्षकांनाही त्यात रस वाटावा.

हे पुस्तक म्हणजे फॅनी मेरिट फार्मर यांचे ‘बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’. १८५७ मध्ये जन्मलेल्या फार्मर यांचे शिक्षण ऐन विद्यार्थिदशेत पक्षाघातासारख्या आजारामुळे थांबले. तिशीच्या सुमारास त्या बॉस्टनच्या पाकशाळेत दाखल झाल्या, १८८९ मध्ये उत्तीर्ण झाल्या आणि पुढे त्याच शाळेच्या प्रमुख झाल्या. १८९६ मध्ये पुस्तक निघाले, तेव्हा प्रकाशकाला त्याच्या खपाची खात्री नव्हती. पहिल्या तीन हजार प्रतींचा खर्च लेखिकेनेच सोसला. पुढे मात्र पुस्तकाच्या आवृत्तींवर आवृत्ती निघत राहिल्या.

त्या काळच्या इंग्रजी पाककृतींत ‘अक्रोडाएवढे लोणी’ अशी मापे सर्रास असत. फार्मर यांच्या आधी त्याच शाळेच्या मेरी लिंकन यांचे १८८४ मधील पुस्तक होते आणि मापे त्यातही होती. फार्मर यांनी मात्र मापन म्हणजे काय, हेच आधी ठरवून दिले. पीठ आधी चाळून घ्यायचे, चमच्याने हलकेच कपात घालायचे आणि सुरीने वरची शीग उतरवायची. कप हलवायचा नाही. अर्धा चमचा हवा असेल तर भरलेला चमचा सपाट करून सुरीने लांबीच्या दिशेने दुभागायचा, पाव चमच्यासाठी तो अर्धा पुन्हा आडवा कापायचा. एक अष्टमांश चमच्याहून कमी असेल तर त्याला ‘काही कण’ म्हणायचे.

शिगेची पायली आणि सपाट पायली यांतला फरक आपल्याकडच्या शेतकऱ्याला आणि व्यापाऱ्याला कुणी शिकवायला नको; त्यावरून बाजारात वाद झडत. तोच फरक फार्मर यांनी स्वयंपाकघरात आणला. सुरीने कप सपाट केला की मोजणारा कोण, हा प्रश्न उरत नाही. एकीने लिहावे आणि शंभर कोसांवरच्या दुसरीने तसेच करून पाहावे, हे शक्य होते. प्रयोगाची पहिली अट हीच असते. पुस्तकाचे हे यश मोठे आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

आता मर्यादा पाहू. सपाट कप आकारमान पक्के करतो, वस्तुमान नाही. पुस्तकातल्याच तक्त्याप्रमाणे दोन कप लोणी म्हणजे एक पौंड, दोन कप साखर म्हणजे एक पौंड, पण केकचे पीठ मात्र चार कप तेव्हा एक पौंड. म्हणजे त्याच एका कपात लोणी सुमारे २२७ ग्रॅम आणि पीठ ११३ ग्रॅम. घनता शिकवायला याहून सोपे उदाहरण शोधावे लागणार नाही. शिवाय पिठाच्या कणांमध्ये हवा असते. चाळून हलके भरलेल्या अमेरिकी कपात मैदा ११५ ग्रॅमच्या आसपास बसतो. तोच कप डब्यात खुपसून दाबून भरला तर १४० ते १५० ग्रॅम. दोन कपांच्या केकमध्ये साठेक ग्रॅम मैदा जास्त पडला, तर तो पाणी शोषतो आणि केक कोरडा, घट्ट होतो. ‘कप हलवू नका’ या नियमाचे कारण हे आहे. त्या नियमाशेजारी पुस्तक हे कारण देत नाही. हा प्रयोग वर्गात दहा मिनिटांत होतो : एकच वाटी तीन प्रकारे भरायची, शाळेच्या तराजूवर तोलायची आणि तीन आकडे फळ्यावर लिहायचे.

आपल्याकडे १९५६ च्या कायद्याने शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम आले, पण स्वयंपाकघरात वाटीच राहिली. कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने (१९७०) वाटी-चमच्याची नेटकी मापे देऊन कित्येक नवख्या हातांना धीर दिला. अमेरिकी कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५०. आपली वाटी मात्र ज्या घरची तशी. तरीही बरेच पदार्थ जमतात, कारण सगळे जिन्नस त्याच वाटीने घेतले की प्रमाण टिकते. अडचण केकमध्ये येते. वाटी लहान झाली म्हणून अंडे लहान होत नाही आणि सोड्याचा चमचाही आखडत नाही. तिथे प्रमाण बिघडते.

सोड्याच्या बाबतीत तर शीग फार महागात पडते. खाण्याच्या सोड्याला ताक, दही किंवा लिंबू यांतले आम्ल पुरेसे मिळाले तर ८४ ग्रॅम सोड्यातून ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. आम्ल नसेल आणि फक्त उष्णता मिळाली तर तेवढ्याच सोड्यातून निम्मा, म्हणजे २२ ग्रॅम सुटतो आणि मागे धुण्याचा सोडा उरतो. नानकटाई पिवळट पडणे, तिला साबणासारखी चव येणे हा त्याचाच परिणाम. शीग लावलेला चमचा सपाट चमच्याच्या दुपटीच्या जवळ जातो, हे लक्षात घेतले की सुरीचे महत्त्व पटते.

आम्हांला पुस्तकातला सर्वांत मोलाचा भाग वाटला तो केक भाजण्याविषयीचा. भट्टीत ठेवण्याचा एकंदर वेळ चार भागांत वाटावा, असे फार्मर सांगतात. पहिल्या पावभागात केक फुगू लागला पाहिजे. दुसऱ्यात फुगत राहून रंग धरू लागला पाहिजे. तिसऱ्यात रंग चढत गेला पाहिजे. चौथ्यात तो पुरता भाजून भांड्याच्या कडेपासून सुटला पाहिजे. केक चाळीस मिनिटांचा असेल तर दर दहा मिनिटांनी काय दिसले पाहिजे, हे आधीच ठरलेले. ही सरळ सरळ निरीक्षणाची तक्ती आहे. प्रत्येक टप्प्यामागचे शास्त्रही सांगता येते : आधी वायू आणि वाफ प्रसरण पावतात, मग अंड्यातली प्रथिने गोठतात व पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, वरचा थर सुकल्यावर रंग चढतो, शेवटी ओलावा कमी होऊन केक आक्रसतो. घरगुती भट्टीसाठी उपयोगी पडेल असा तापमापक अजून निघालेला नाही, असेही त्या स्पष्टपणे नोंदवतात. उपकरणाची मर्यादा कबूल करून तिथे निरीक्षण आणणारे हे पान शास्त्रीय वृत्तीचे आहे. वाळू घातलेल्या कुकरमध्ये केक करणाऱ्यांना ते आजही उपयोगी पडेल.

पण डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींचे काय? पुस्तकातल्या साध्या आयसिंगमध्ये अंड्याचा कच्चा पांढरा बलक आणि साखर आहे. ते पान आज जसेच्या तसे वापरू नये. साल्मोनेला जंतू कवच न फुटलेल्या अंड्यातही असू शकतात आणि बलकाचा रंग किंवा वास त्यांची खबर देत नाही. केकच्या पोटात तापमान नव्वद अंशांच्या वर जाते, म्हणून तिथे ते मरतात. न शिजवलेल्या आयसिंगमध्ये ते तसेच राहतात. मैदाही कच्चाच असतो. २०१६ मध्ये अमेरिकेत पिठातून पसरलेल्या ई. कोलाय जंतूंनी अनेक लोक आजारी पडले होते. भांड्याला लागलेले कच्चे मिश्रण मुलांना चाटू देण्याची हौस म्हणून सोडलेली बरी. कच्चे अंडे हाताळल्यावर हात व ओटा साबणाने धुणे, हा या कृतीतला एक टप्पाच मानावा.

आमची मुख्य तक्रार शेवटी राखून ठेवली आहे. पुस्तकाचे पहिले प्रकरण मानवी शरीरातल्या तेरा मूलद्रव्यांनी सुरू होते : ऑक्सिजन इतके टक्के, कार्बन इतके टक्के. विज्ञान आहे ते तिथे. पाककृतींपर्यंत येताना ते मागे राहते आणि उरते ती ‘हे घ्या, असे करा’ अशी आज्ञा. ऑक्सिजनची टक्केवारी पाठ असलेल्या विद्यार्थिनीला कप का हलवायचा नाही, हे सांगता येईलच असे नाही. हा दोष दाखवताना आम्हांला आपलीच पाठ्यपुस्तके आठवली. धड्याच्या आरंभी व्याख्या आणि आकडे, मागे प्रयोग. आणि प्रयोगवहीतले ‘निरीक्षण’ प्रयोगाआधीच फळ्यावरून उतरवून घेतलेले. मग प्रयोगवहीसुद्धा पाकपुस्तकच होते, आणि पदार्थ न करता ताट वाढलेले.

शिक्षकमित्रांनी एवढे करून पाहावे. मुलांना घरची एखादी आवडती पाककृती आणायला सांगावी आणि तिच्याखाली दोन मथळे लिहायला लावावेत. ‘निरीक्षण’ या मथळ्याखाली कोणत्या वेळी काय दिसले ते, आणि ‘अनुमान’ या मथळ्याखाली तसे का झाले ते. पहिला मथळा फार्मर यांनी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी निदान केकपुरता भरून दाखवला. दुसरा आपल्या वर्गांनी भरायचा आहे.