पडद्यावरची फुले : पुष्पप्रदर्शनांच्या चित्रणाविषयी काही निरीक्षणे

२०२५मध्ये ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या तीन दिवसांत भायखळ्याच्या राणीच्या बागेत मुंबई महापालिकेचे पुष्पप्रदर्शन भरले होते. विषय होता राष्ट्रीय प्रतीके. पहिल्याच दिवशी संध्याकाळी त्याची बातमी लागली तेव्हा गासच्या आमच्या घरात काका जेवायला बसले होते. काकांची वाडी घराला लागूनच आहे. सोनचाफा, मोगरा, थोडा कागडा, बांधाला तगर आणि जास्वंद. पन्नास वर्षे या माणसाने फुले खुडून दादरला नेली आहेत. पडद्यावर फुलांचा वाघ आला, मोर आला, गर्दी आली, सेल्फी काढणाऱ्या मुली आल्या आणि दोनेक मिनिटांत बातमी संपून क्रिकेट सुरू झाले. काकांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून विचारले, "यात फुलं कुठली होती रे?"

मला उत्तर देता आले नाही. बातमीत एकाही फुलाचे नाव आले नव्हते.

त्या प्रश्नामुळे हा लेख लिहायला घेतला. गेले आठ महिने मराठी वाहिन्यांवरच्या पुष्पप्रदर्शनाच्या बातम्या, जुन्या-नव्या, जितक्या इंटरनेटवर सापडल्या तितक्या पाहिल्या. सोबत बेंगळुरूच्या लालबागेच्या आणि लंडनच्या चेल्सीच्याही पाहिल्या. चेल्सीचे कार्यक्रम मी सलग नाही, तुकड्यातुकड्यांनी पाहिले आहेत, हे आधीच सांगतो. मी वनस्पतिशास्त्राचा माणूस नाही. निवृत्तीपर्यंत मराठी शिकवले. त्यामुळे माझे लक्ष आधी भाषेकडे गेले.

या बातम्यांची एक ठरीव भाषा आहे. फुले नेहमी 'रंगीबेरंगी' असतात, प्रदर्शन 'डोळ्यांचे पारणे फेडते', निसर्ग 'नजराणा' देतो आणि मुंबईकर 'तुफान गर्दी' करतात. एवढ्या चार शब्दांवर कुठल्याही वर्षीची, कुठल्याही शहरातली बातमी उभी राहते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले प्रदर्शन भरवणाऱ्या संस्थेची परंपरा १८३०पर्यंत मागे जाते, पण त्याच्या बातमीत आणि भायखळ्याच्या बातमीत शब्दांचा फरक शोधून सापडत नाही. खरे तर मराठीला या प्रांतात शब्दांचा तोटा नाही. चाफा खुडतात, प्राजक्त वेचतात, जास्वंद तोडतात. कळी टपोरी असते, फूल मिटते, मलूल होते, कोमेजते, सुकते. यातली कुठलीही दोन क्रियापदे एकमेकांच्या जागी चालत नाहीत. दुर्गाबाई भागवतांनी 'ऋतुचक्र' लिहिले, शरदिनी डहाणूकरांनी 'फुलवा' लिहिले. झाडाकडे महिन्यामहिन्याने, नावानिशी पाहण्याची सवय आपल्या गद्याला आहे. पडद्यावर मात्र फुलाशी करायची एकच क्रिया उरली, पाहणे. आणि पाहायचे ते काय, तर रंग.

इथे आमच्या पट्ट्याची अडचण होते. वसईची फुले बहुतेक पांढरी. मोगरा पांढरा, कागडा पांढरा, तगर पांढरी. चाफ्याला पिवळसर रंग आहे, पण चाफ्याची किंमत रंगाची नव्हे, वासाची. कागड्याला तर वासही बेताचाच. त्याचे मोल गजऱ्यात आणि हारात. ढिगाने घातलेला मोगरा पडद्यावर भातासारखा दिसतो. टीव्हीला वास दाखवता येत नाही ही त्याची चूक नाही. पण जे दाखवता येत नाही ते सांगता तरी येते, आणि बातमीदार ते सांगत नाही. त्यामुळे एक गंमतशीर निवड आपोआप होत जाते. पिटुनिया, साल्व्हिया, डेलिया, झेंडू अशी थंडीतली भडक रंगांची कुंडीतली रोपे म्हणजे 'फुले', आणि ज्या फुलांनी मुंबईची देवघरे आणि वेण्या भरतात त्यांना पडद्यावर जागाच नाही.

दुसरी अडचण वेळेची. सोनचाफा उजाडायच्या आत खुडावा लागतो. अर्धवट उमललेले फूल देठाशी धरून अलगद काढायचे, ओल्या फडक्यात गुंडाळायचे, पाटी भरायची आणि नालासोपाऱ्याहून पहाटेची गाडी धरून दादर गाठायचे. दादरच्या फुलबाजारात मुख्य उलाढाल सकाळी सकाळी होते. ऊन चढले की चाफ्याच्या पाकळ्या सैल पडतात आणि भावही त्यांच्याबरोबर सैल पडतो. कॅमेरा प्रदर्शनात पोहोचतो तो उद्घाटनाला, म्हणजे पाहुणे येतील तेव्हा. तोवर आमचे त्या दिवसाचे फूल विकले तरी गेलेले असते किंवा वाया तरी गेलेले असते. कुंडीतले फूल थांबते, खुडलेले थांबत नाही. प्रदर्शन आणि दूरचित्रवाणी या दोघांनाही थांबणारे फूल लागते, म्हणून त्यांचे एकमेकांशी इतके छान जमते.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः भायखळ्याला गेलो. वाघासमोर रांग होती. मी मागच्या बाजूला गेलो. पाठीमागे लोखंडी सांगाडा, जाळी, जाळीत खोवलेल्या छोट्या कुंड्या आणि पाण्याची बादली घेतलेला एक माळी. तो सुकलेली रोपे काढून त्या जागी नवी बसवत होता. मी त्याला विचारले, "दादा, ही रोपं कधीपासून तयार करताय?" तो म्हणाला, "दिवाळीच्या आधीपासून, सर." म्हणजे तीन महिन्यांची मेहनत आणि तीन दिवसांचे प्रदर्शन. वाघाला पुढचीच बाजू आहे, पाठ नाही, हे तिथे लक्षात आले. तो जिथून फोटो काढायचा तिथून पाहण्यासाठीच घडवला आहे. पूर्वी मांडणी आधी होई आणि कॅमेरा मागून येई; आता मांडणारा माणूस कॅमेऱ्याची जागा मनात धरूनच मांडतो. वरून ड्रोनने घेतलेल्या दृश्यांत फुलांच्या रांगोळ्या जितक्या नेटक्या दिसतात तितक्या जमिनीवर चालताना दिसत नाहीत. यात पालिकेच्या उद्यान विभागाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. लोक मुलांना घेऊन येतात, मुले वाघ पाहून हरखतात, हेही खरेच आहे आणि वाईट नाही. पण माझ्या पाहण्यात आलेल्या बातम्यांत मुलाखत अधिकाऱ्याची असते आणि पाहुण्यांची असते, माळ्याची नसते.

आणि राणीची बाग! ही बाग १८६०च्या दशकाच्या सुरुवातीची आहे. तिथे मूळची ब्रह्मदेशाची उर्वशी आहे, कैलासपती आहे, आफ्रिकेतून आलेली गोरखचिंच आहे. दीडशे वर्षांत जमलेला हा वृक्षसंग्रह विकासाच्या आराखड्यात जाऊ नये म्हणून नागरिकांनी २००७पासून झगडा दिला. म्हणजे एका खऱ्या, जिवंत, नावाजलेल्या वनस्पती उद्यानात आपण कुंड्यांचा वाघ उभा करतो, आणि कॅमेरा उर्वशीकडे पाठ करून त्या वाघाकडे तोंड करतो. बाग ही प्रदर्शनाची पार्श्वभूमी होऊन बसते. लालबागेतही साधारण हेच. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमाराला सारे कॅमेरे १८८९-९०च्या त्या काचघरात शिरतात आणि बाहेरची जुनी झाडे तशीच राहतात.

चेल्सीची गोष्ट वेगळी आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगतो. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचे हे प्रदर्शन १९१३पासून लंडनमधल्या रॉयल हॉस्पिटलच्या आवारात मे महिन्यात भरते, आणि बीबीसी त्यावर रोज, आठवडाभर कार्यक्रम करते. २०१३पर्यंत अ‍ॅलन टिचमार्श त्याचा चेहरा होते, पुढच्या वर्षापासून माँटी डॉन आले. हे दोघे निवेदक असले तरी मुळात बागाईत हात मळलेले. ते वाकतात, पान उलटून पाहतात, नाव सांगतात, ते झाड कुठल्या मातीत तगेल ते सांगतात. मोठ्या मंडपात एकाच जातीवर आयुष्य घालवलेल्या रोपवाटिकावाल्यांशी ते बोलतात ते भाग मला सर्वांत आवडले. तिथे माणूस आणि झाड एका चौकटीत येतात. आपल्याकडे ते अजून आले नाहीत.

पण तिथल्या प्रदर्शन-बागांचे चित्रण मला तितके पटले नाही. या बागा साधारण तीन आठवड्यांत उभ्या करतात, पाचेक दिवस दाखवतात आणि मोडतात. सगळे एकाच आठवड्यात फुलावे म्हणून काही रोपे थंड खोल्यांत रोखून धरतात, काही उबेत ठेवून लवकर आणतात. म्हणजे निसर्गात शेजारीशेजारी कधीच न फुलणारी फुले तिथे एकत्र फुलतात. हे काही लपवलेले नाही, कार्यक्रमात त्याचा उल्लेखही होतो; पण तो कौतुकाच्या सुरात होतो. एखादी बाग फसली आहे असे निवेदक पडद्यावर म्हणताना मला तरी ऐकू आले नाही. सुवर्ण, रौप्य, कांस्य पदके जाहीर होतात, डोळे पुसले जातात, पण एकाला सुवर्ण आणि शेजारच्याला रौप्य का, याची उलगड फारच वरवर होते. नाटकाचे, पुस्तकाचे परीक्षण करतात तसे बागेचे का होऊ नये? तिथल्या हाताशी असलेल्या वेळेत आणि पैशात ते सहज होण्याजोगे आहे. अलीकडे, २०२२पासून, एका धर्मादाय निधीच्या मदतीने त्यातल्या बऱ्याच बागा नंतर दवाखाने, शाळा अशा ठिकाणी हलवून लावतात. मला स्वतःला पदकापेक्षा त्या हलवलेल्या बागेत दोन पावसाळ्यांनी काय जगले ते पाहायला आवडेल.

आपल्याकडे फुलामागचा माणूस टीव्हीने कधीच दाखवला नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. मुंबई दूरदर्शन १९७२मध्ये सुरू झाले आणि त्यावरचा 'आमची माती आमची माणसं' आमच्या घरात जेवणाआधी नेमाने लागायचा. तिथे शेतकरी बोलायचा, सावकाश बोलायचा, मध्येच अडखळायचा, आणि कोणी त्याला तोडायचे नाही. फुलशेतीही त्यात येई. पण तिथे फूल हे पीक होते: लागवडीचे अंतर, खताची मात्रा, फवारणी, उत्पन्न. त्याच्या सुंदरपणाबद्दल कोणी चकार शब्द काढत नसे. म्हणजे एका पडद्यावर कष्टाविना सौंदर्य आणि दुसऱ्यावर सौंदर्याविना कष्ट. काकांच्या बाबतीत ही फाळणी खोटी आहे. चांगल्या चाफ्याचे झाड ते पाहुण्यांना नेऊन दाखवतात, आणि दर सांगायच्या आधी वास घ्यायला लावतात.

हे सगळे इतके मनाला लावून घेण्याचे कारण फुलांपुरते नाही. वसईचा पश्चिम पट्टा टीव्हीवर येतो तो बहुधा पाण्यात बुडालेला. जुलै २०१८मध्ये रेल्वे थांबली, गावे पाण्यात गेली, तेव्हा दोन दिवस आम्ही सगळ्या वाहिन्यांवर होतो. त्या पाण्याची चर्चा करताना आमच्या गावांत जो शब्द सर्वांच्या तोंडी होता तो, बावखल, बातम्यांत क्वचितच ऐकू आला. वाडीला पाणी पाजण्यासाठी राखलेली ही तळी. तीच पावसाचे पाणीही पोटात घेत. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसईची चळवळ उभी केली ती याच वाड्या आणि याच पाण्यासाठी. पुढे २०२०मध्ये दिब्रिटो उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा कॅमेरे पुन्हा आले, पण वादासाठी. बावखल भरले की विहीर खारट होऊ लागते, विहीर गेली की मोगरा जातो, मोगरा गेला की वाडी 'पडीक' ठरते आणि पडीक जमिनीला गिऱ्हाईक लगेच मिळते. ही साखळी दाखवायला ड्रोन लागत नाही. वर्षातून चार वेळा त्याच एका वाडीत जाऊन उभे राहावे लागते. शहराने फूल म्हणून वाघच ओळखायचा ठरवला, तर वाडी गेल्याचे त्याला कळणार तरी कसे?

काकांना मी म्हटले, "पुढच्या वर्षी तुम्हीच चला प्रदर्शनाला. प्रत्यक्ष बघा आणि मग बोला." त्यांनी तारखा विचारल्या. जानेवारीची अखेर म्हटल्यावर नाही म्हणाले. तेव्हा कागडा जोरात असतो आणि हल्ली खुडायला माणसे मिळत नाहीत.